शेवटची तीन पानं

कडूकाका पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा मला ते लबाड वाटले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं की मी माणूस बघताक्षणी ओळखते.

माझं झेरॉक्स आणि प्रिंटिंगचं दुकान पनवेलच्या तहसील कार्यालयामागच्या गल्लीत आहे. तेव्हा ते भाड्याच्या गाळ्यात होतं. या गल्लीत जो तो हातात कागद घेऊन येतो आणि शेजारच्याला दिसू नये म्हणून तो छातीशी धरून उभा राहतो. इतकी वर्षं असे कागद हाताळून माझा एक नियम झाला होता. पूर्ण दस्ताची प्रत मागणारा माणूस सरळ समजायचा. फक्त सहीचं, म्हणजे शेवटचं पान मागणारा आला की डोळ्यांत तेल घालून बघायचं.

काकांनी दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल काढला, वरचं रबर मनगटावर चढवलं आणि म्हणाले, चौतीस पानं आहेत, शेवटची तीन काढून दे. मी म्हटलं, व्हॉट्सॲपवर पाठवा. ते म्हणाले, म्हणजे माझा नंबर तुझ्याकडे राहणार. केबल नाही का? मी केबल दिली आणि विचारलं, शेवटचीच का, आधीच्या एकतीस पानांत काय आहे?

"ते ज्यांनी लिहिलं त्यांना ठाऊक," काका म्हणाले. "ते वाचावं की नाही हे शेवटच्या तीनांत कळतं."

मी हात आखडता घेतला. म्हटलं, दस्त कोणाचा आहे ते कळल्याशिवाय मी अर्धवट पानं काढत नाही. यावर दुसरा कोणी भडकला असता. हा माणूस खूश झाला. "संशय घेतलास. बरं केलंस. आता तुझ्याकडेच येत जाईन," म्हणाले, आणि खरोखर येत राहिले, आठवड्यातून दोनदा, तीन वर्षं.

तो दस्त वगैरे काही नव्हता. शेअर बाजारातल्या एका कंपनीवरचा अहवाल होता. मोबाइलवरून शेअर घेण्या-विकण्याची जी ॲप असतात, त्यांतल्या एकावर काकांनी खातं उघडलं होतं. खातेदाराला असे अहवाल फुकट वाचायला मिळतात: अमुक कंपनी घ्या, तमुक विका, आज भाव इतका आहे, वर्षात इतका होईल. काकांनी खातं उघडलं ते फक्त हे वाचण्यासाठी. शेअर एकही घेतला नव्हता. ॲप त्यांना रोज सकाळी आठवण करून द्यायचं की तुमची पहिली गुंतवणूक अजून बाकी आहे, आणि काका ते वाचून म्हणायचे, बोलव, बोलव. एकदा त्या दलाल कंपनीच्या मुलीचा फोन माझ्यासमोरच आला. साहेब, तुम्ही एवढे रिपोर्ट उघडता, पण व्यवहार काहीच करत नाही, असं ती काळजीने विचारत होती. काका म्हणाले, "वाचनालयात जाणारा माणूस कपाट विकत घेतो काय?" तिने पुन्हा फोन केला नाही.

मूळचे ते उरणकडचे, आगरी. आडनाव कडू आणि स्वभावही आडनावाला जागणारा. भूमी अभिलेख कार्यालयात जमीन मोजण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पनवेलच्या आसपासचा असा बांध नव्हता ज्यावरून ते चालले नाहीत. मोजणीला गेल्यावर शेताच्या मालकाकडे ते शेवटी बघत. आधी शेजारच्या चारी शेतांचे मालक बोलवायचे. त्यांना कचेरीच्या भाषेत लगतधारक म्हणतात. मोजणीची नोटीस त्यांनाही जाते आणि त्यांची हरकत असेल तर ती ऐकून घ्यावी लागते. काकांच्या मते जगातलं सगळं खरं ज्ञान लगतधारकांकडे असतं, कारण मालक आपल्या शेताबद्दल कधीच खरं बोलत नाही.

हा नियम ते सगळीकडे लावत. मुलीचं, वंदनाचं, लग्न ठरवताना मुलाच्या घरी न जाता आधी त्याच्या वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या बिऱ्हाडांत जाऊन आले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं, मुलगा आंघोळ करताना गातो आणि वाईट गातो. एवढीच हरकत निघाली म्हणून लग्न झालं. आता वंदना करंजाड्याला राहते, शाळेत शिकवते, आणि तिच्या सासरच्यांना ही गोष्ट अजून माहीत नाही. तिने ती मला हसत सांगितली होती, पण सांगताना दारही लोटून घेतलं होतं.

तर अहवालाची शेवटची तीन पानं म्हणजे काकांचे लगतधारक. तिथे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत सगळं कबूल केलेलं असतं. हा अहवाल लिहिणाऱ्याकडे याच कंपनीचे शेअर असू शकतात. आमच्याच समूहातल्या दुसऱ्या संस्थेने या कंपनीकडून कामाचे पैसे घेतलेले असू शकतात. यातली माहिती आम्ही स्वतः तपासलेली नाही. काका लाल पेनाने 'असू शकतात'खाली रेघ मारत आणि माझ्यापुढे धरत. "बघ. पहिल्या पानावर 'घ्या' एवढं मोठं. आणि इथे 'असू शकतात'. कायद्याने लिहायला लावलंय म्हणून लिहिलंय, आणि वाचू नये म्हणून असं लिहिलंय."

सातबाराही ते उजवीकडून वाचत. लोक उताऱ्यावर मधे मालकाचं नाव बघतात आणि निश्चिंत होतात. काका आधी उजवीकडचा 'कुळ, खंड व इतर अधिकार' हा रकाना बघत. सगळी भानगड तिथे असते.

आणखी एक सवय सांगायची राहिली. मी दिलेली पानं ते मोजून घेत. तीन पानं असोत की तेरा. पण बघून नाही. रस्त्याकडे तोंड करून, कोणाशी तरी बोलत, अंगठ्याने एकेक कड सरकवत मोजायचे. पूर्वी मोजणीच्या साखळीला ठराविक अंतरावर पितळी बिल्ले असत, ते बोटांनी चाचपून मोजायचे, तेव्हा लागलेली सवय. मला त्याचा राग यायचा. मी म्हणायची, काका, मी तुमचं पान खाऊन काय करू? ते म्हणायचे, "तुझ्यावर संशय नाही गं. मशीनवर आहे." मशीन माझंच होतं.

कळंबोलीची गोष्ट गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. एका पोलादी पाइपांच्या कंपनीवर अहवाल आला होता की तिचं कळंबोलीच्या लोखंड बाजारातलं नवं गोदाम तुडुंब चालतंय. काका डबा घेऊन गेले आणि तीन दिवस त्या गोदामासमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. परत येऊन मला साग्रसंगीत सांगितलं. फाटकाच्या साखळीला गंज धरलाय. शटरखाली कुत्री व्यालीय. चहावाला म्हणाला, समोरून दिवसाला एक चहा जातो, तो रखवालदाराचा. मी विचारलं, मग आता काय होणार? काका म्हणाले, भाव पडणार.

भाव पडला नाही. पुढचे चार महिने चढत राहिला. समोरचे स्टॅम्पवाले जोशी रोज सकाळी तो आकडा काकांना मोठ्याने वाचून दाखवत आणि तुमच्या कुत्रीला पिल्लं किती झाली ते विचारत. काकांचं एकच उत्तर असायचं. "भाव वर गेला म्हणून गोदाम भरलं काय?" आम्ही हसायचो. खरं सांगते, मीसुद्धा हसायची. माणूस बरोबर असून चुकीचा ठरतो तेव्हा त्याला हसणं फार सोपं असतं.

मग माझीच पाळी आली.

आमचं गाव शिरढोणच्या अलीकडे. वडील गेल्यावर जमीन माझ्या आणि दिलीपच्या, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या नावावर लागली. एका गोदामं बांधणाऱ्या कंपनीने आमच्या बाजूची शेतं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा आम्हीही दिली. दिलीपने मला माझे पैसे न मागता दिले. आमच्याकडे बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेऊन मोकळे होणारे भाऊ मी रोज काउंटरच्या पलीकडे बघते, त्यामुळे याची किंमत मला कळत होती. त्या पैशांचं काय करायचं तेही ठरलेलं होतं. माझा गाळामालक गाळा विकायला निघाला होता. दसऱ्यापर्यंत तू घे, नाहीतर मी दुसऱ्याला देतो, असं त्याने सांगितलं होतं. गाळा गेला तर या गल्लीत मला दुसरी जागा मिळणार नव्हती आणि या गल्लीबाहेर माझ्या मशीनला कोणी विचारणार नव्हतं.

पावसाळ्यात एक दिवस दिलीप मोबाइल नाचवत दुकानात आला. आपली जमीन घेतलेल्या कंपनीवर अहवाल आला होता. घ्या म्हणून लिहिलं होतं, भाव दुप्पट होणार होता. आत फोटोसुद्धा होता, कंपनीची पन्नास एकर सलग जागा, आणि फोटोत आपला बांध स्पष्ट ओळखू येत होता. दिलीपचं म्हणणं, सगळे पैसे यात घाल, सहा महिन्यांत दोन गाळे घेशील. मी म्हटलं, गाळामालक सहा महिने थांबणार नाही. त्यावर तो जे बोलला ते मी विसरू शकत नाही. "ताय, शेअर म्हंजे काय? वाटा. जमीन दिली ती दिली. पन तिच्यात आपला वाटा परत येतंय ना."

जमीन विकल्यापासून तो रोज संध्याकाळी मोटारसायकल घेऊन त्या बाजूला जाऊन यायचा हे वहिनीने मला सांगितलं होतं. मला भावाचं मन मोडवेना. खरं तर मलाही तो वाटा हवासा वाटला. मी त्याला म्हटलं, दोन दिवस दे.

मी तो अहवाल काकांना दाखवला. त्यांनी शेवटची तीन पानं मागितली. लाल रेघ मारली: ज्यांनी अहवाल लिहिला, त्यांच्याच समूहाने कंपनीचे शेअर बाजारात आणायचं काम केलेलं होतं. मग ते फोटोवर आले आणि बराच वेळ तिथेच थांबले. म्हणाले, ही जागा मी मोजलीय. सलग नाही. मधे एक पट्टा आहे. त्यांनी गट नंबर तोंडपाठ सांगितला. मी तिथेच ऑनलाइन उतारा काढला. त्यांनी उजवीकडून वाचला. तो पट्टा सहा कातकरी कुटुंबांच्या नावावर होता आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्याचं हस्तांतर होणार नाही असा शेरा होता. अशी परवानगी मिळवायला किती वर्षं जातात ते या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. डांबरी रस्त्यावरून आतल्या शेतांकडे जायचं तर याच पट्ट्यातून जावं लागतं. त्याशिवाय ट्रक आत जाणार नव्हते. फोटो काढणारा नेमका बांधाच्या अलीकडे, आमच्या शेतात, उभा राहिला होता. पलीकडे गेला असता तर त्याला कातकऱ्यांची घरं दिसली असती.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण कागद खाली ठेवून काका म्हणाले, "आता तुझ्या भावाचं बघू. त्याला यात काय मिळतंय?"

मी म्हटलं, काय मिळणार? ते शांतपणे म्हणाले, कंपनीने जमिनीचे पैसे दिले. तेच पैसे शेअरच्या रूपाने परत आणून देणाऱ्याला कंपनी काहीतरी देत असणार. तुझा भाऊ दलाली खातोय.

मी मशीन बंद केलं. त्यांना म्हटलं, काका, उठा. माझ्या भावाने मागायच्या आधी माझा वाटा आणून दिला, तो माझ्याकडून दलाली खाईल? तुम्हाला सवय आहे, जो दिसेल त्याच्या हद्दीत पाय घालायची. ते उठले. पानं मात्र मोजून घेतली. त्यांच्या त्या अंगठ्याकडे बघून मला इतका संताप आला की मी मागे ओरडून म्हटलं, पुन्हा येऊ नका.

आणि ते गेल्यावर मी काय केलं? दिलीपवर संशय घेतला. पेरलेलं उगवायला वेळ लागला नाही. मला एवढे पैसे न मागता का दिले, रोज संध्याकाळी तिकडे कोणाला भेटायला जातो, अहवाल आल्या दिवशीच याला कसा कळला, असं एकेक डोक्यात यायला लागलं. रात्र त्यातच गेली. सकाळी मी गाळामालकाला फोन करून सांगितलं की मी गाळा घेते. भावाला सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

आठ दिवसांनी काका आले. दुकानात दिलीप बसलेला होता आणि मी गाळ्याचं त्याला नुकतंच सांगितलं होतं. काका पायरीवरच उभे राहिले. म्हणाले, मी गावात जाऊन आलो. तुमच्या लगतधारकांना विचारलं. दिलीप कोणाकडून काही घेत नाही. त्याने स्वतःचे सगळे पैसे त्या शेअरमध्ये घातलेत, बायकोच्या पाटल्याही गहाण टाकून. "माझी मोजणी चुकली. तुझी माफी मागायला आलोय."

दिलीपला आपल्याबद्दल काय बोललं गेलं होतं ते तेव्हा कळलं. तो आधी काकांकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. माझी मान खाली गेली, त्यावरून त्याला उरलेलंही कळलं.

"काका, मी येडा आसन," तो म्हणाला, "पन चोर नाय."

काका पायरीवर बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना कोणासमोर खाली बसलेलं बघितलं नव्हतं. मग त्यांनी खिशातून उतारा काढला आणि दिलीपला मधल्या पट्ट्याचं सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, शेअर म्हणजे वाटा हे खरं, पण या वाट्याला हद्द नाही. उद्या मोजायला गेलास तर कुठे उभा राहशील? दिलीपने ऐकून घेतलं आणि तो उठून गेला.

त्यानंतर काकांनी जे केलं ते मला आजही पुरतं कळलेलं नाही. त्यांनी त्या कंपनीचा एक शेअर घेतला. आयुष्यातला पहिला आणि शेवटचा. मी विचारलं, तुम्ही? ते म्हणाले, "ज्याचा वाटा नाही त्याची हरकत कोण ऐकणार?" कंपनीची वार्षिक सभा ऑनलाइन होती आणि एकच शेअर असलेल्यालाही नाव नोंदवून बोलता येत होतं. सभेच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून, वरचं बटण लावून माझ्या कॉम्प्युटरसमोर बसले. दोन तास थांबल्यावर त्यांचं नाव पुकारलं. त्यांनी मराठीतच गट नंबर सांगून विचारलं, मधल्या पट्ट्याची परवानगी मिळाली आहे काय? नसेल तर सलग का म्हणता? अध्यक्ष इंग्रजीत थँक यू म्हणाले, मेलने उत्तर देऊ म्हणाले, आणि काकांचा आवाज तिकडून बंद केला गेला. काका पुढेही मिनिटभर बोलत होते. मी त्यांना सांगितलं नाही.

मेल आलं नाही. पण दोन महिन्यांनी ॲपवर त्याच कंपनीचा नवा अहवाल आला. पहिल्या पानावर 'घ्या' तसंच होतं. शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीच्या पावलांत, एक नवी ओळ आली होती: प्रकल्पाच्या पोचरस्त्याच्या जागेचा हक्क निश्चित नाही. मी ती ओळ काकांना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी ते पान दिलीपसाठी काढून घ्यायला सांगितलं. दिलीपने निम्मे शेअर विकले आणि पाटल्या सोडवल्या. निम्मे अजून ठेवलेत. भाव काय झाला ते मी बघत नाही, आणि तोही संध्याकाळचा तिकडे जायचा थांबलेला नाही.

काका तोवर करंजाड्याला वंदनाकडे राहायला गेले होते. गाळ्याचं खरेदीखत नोंदवून मी दुकानात परतले त्या दुपारी ते रिक्षाने आले. नेहमीप्रमाणे कुठल्याशा अहवालाची तीन पानं मागितली. मी ती काढून त्यांच्या हातात दिली, आणि वर माझं खरेदीखत ठेवलं. म्हटलं, बघा, आणि काढा हरकत. मला खात्री होती की ते उलटं करून मागून सुरू करतील. त्यांनी दस्त दोन्ही हातांत धरला, जरा वेळ तसाच ठेवला आणि मला परत दिला.

"तू वाचलंस ना? शेवटून?"

मी हो म्हटलं.

"मग झालं," म्हणाले, आणि आपली पानं घेऊन पायरी उतरले. रिक्षात बसताना मला हात केला. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. थंडीत गेले.

मी भेटायला गेले तेव्हा वंदना म्हणाली, बाबांना शेवटचे तीन-चार महिने जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, कोणाला कळू देत नव्हते. पानं आणायचे आणि तिच्याकडून वाचून घ्यायचे, शेवटून. मी घरी येईपर्यंत हाच विचार करत होते. म्हणजे त्या दिवशी माझा दस्त त्यांनी वाचला नाही तो विश्वासाने नाही, त्यांना वाचता येतच नव्हतं म्हणून. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, फसवल्यासारखंही वाटलं. असे बरेच दिवस गेले.

मग एकदा एका गिऱ्हाइकाला मी पानं देत होते, त्याने ती अंगठ्याने मोजली, आणि माझा हात तिथेच थांबला. त्या दुपारी काकांनी माझ्याकडून तीन पानं घेतली होती. मोजली नव्हती. घडी करून सरळ खिशात घातली होती.

पानं मोजायला त्यांना डोळे कधीच लागले नव्हते.